क्लस्टर डोकेदुखी : लक्षणे व उपचार



डोके दुखले की बाम चोळावा, गोळी घ्यावी आणि कामाला लागावे, ही आपल्या घराघरांतील रीत. परंतु डोकेदुखीचा एक प्रकार या उपायांना दाद देत नाही. वैद्यकशास्त्रात त्यास ‘क्लस्टर डोकेदुखी’ म्हणतात. साधारणतः हजारात एका व्यक्तीस ती होते. पुरुषांत प्रमाण अधिक आढळते.

वेदना एकाच बाजूस, डोळ्याभोवती, तापलेली सळई खुपसावी तशी असते. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी वाहते, पापणी झुकते, नाक चोंदते. झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो व दिवसातून ८ वेळाही येऊ शकतो. पुष्कळदा झोप लागल्यावर तास-दोन तासांनी तो रुग्णास जागे करतो. हे सत्र काही आठवडे वा महिने चालते, थांबते आणि अनेकदा पुढील वर्षी त्याच ऋतूत परतते. शरीराचे घड्याळ सांभाळणाऱ्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाशी याचा संबंध आहे.

अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडून राहतो. हा रुग्ण मात्र अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतो. घरच्यांनी त्यास सोंग समजू नये. सायनस वा दाताचे दुखणे समजून काहींचे निरोगी दातही काढले जातात आणि निदानास वर्षे लागतात. असह्य वेदनेने जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलू लागला, तर त्यास एकटे सोडू नये. तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

साध्या वेदनाशामक गोळीचा परिणाम होईपर्यंत झटका ओसरलेला असतो. म्हणून मास्कमधून मिनिटाला १२ ते १५ लिटर शुद्ध प्राणवायू देतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत अशा प्राणवायूने ७८ टक्के झटक्यांत १५ मिनिटांत आराम पडला. साध्या हवेने केवळ २० टक्के. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शनही गुणकारी आहे, मात्र हृदयविकार असलेल्यांनी ते घेऊ नये. सत्र आवरण्यासाठी व्हेरापामिल देतात. त्यासाठी वेळोवेळी ईसीजी काढावा लागतो. अल्पकाळ स्टेरॉइडचाही उपयोग होतो. ही सर्व औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. सत्रकाळात मद्य झटका ओढवते, आणि प्राणवायूजवळ विडी-काडी पेटवणे म्हणजे आगीस आमंत्रण होय.

अचानक उद्भवलेली तीव्र डोकेदुखी, सोबत ताप, ताठ मान वा हातापायांत अशक्तपणा असल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. इतरांनी झटक्यांची वेळ, बाजू व कालावधी वहीत नोंदवून ती मेंदूविकारतज्ज्ञांस दाखवावी. ती नोंद निदानाचा मार्ग सुकर करील, आणि योग्य निदान हीच दुःखमुक्तीची पहिली पायरी आहे.