पाणलवंग

पावसाळ्यात पेडणे व डिचोली तालुक्यांतील भातशेतांच्या ओलीत पिवळ्या, चिमुकल्या फुलांची पाणलवंग उगवते. फुलाला बहुधा चार निदले, चार पाकळ्या व चार पुंकेसर असतात. पाकळ्या लवकर गळतात. निदले मात्र बोंडाच्या माथ्यावर टिकतात. लवंगेचा भास होतो तो त्यांमुळेच.

लिनीअसने १७५३ साली हिला ‘लुडविगिया पेरेनिस’, म्हणजे बहुवर्षायू, असे नाव दिले. वस्तुतः ही वनस्पती वर्षायू आहे. तिचे सातत्य बियांत आहे. बोंड फुटले की असंख्य सूक्ष्म बिया चिखलात पडतात. म्हणून शेतकऱ्याने बोंडे पिकण्यापूर्वीच बेणणी उरकावी. नाहीतर पुढच्या सरद पिकात भाताच्या वाट्याचे अन्न हेच तण खाईल.