साडेतीन पुस्तकं आणि एक कागद



महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्यापैकी एकानं आपल्या वाचनाचा हिशेब द्यायचा, अशी आपली पद्धत आहे. ऑगस्टची पाळी माझी. तर आधी आकडा सांगून टाकते. वर्षाला २४ पुस्तकं असं मी जानेवारीत गुडरीड्सवर टाकलं होतं. जुलैअखेर १४ व्हायला हवी होती, झाली होती ११. ऑगस्टमध्ये साडेतीन वाचली. अर्धं धरत नाहीत, म्हणजे १४ झाली. हवी होती १६. मी अजून दोन पुस्तकं मागे आहे.

हा आकडा भरून काढायला मी काय केलं, तेही प्रामाणिकपणे सांगते. कपाटासमोर उभी राहिले आणि सगळ्यात बारीक पुस्तक काढलं.

आमच्या ऑफिसात असंच होतं. महिन्यात किती तिकिटं बंद केली यावर कौतुक व्हायला लागलं की सगळे सोपी तिकिटं आधी उचलतात. अवघड बग तिथेच पडून राहतो. आकडा वाढतो, सॉफ्टवेअर सुधारत नाही. मी वाचनातही तेच करत होते.

ते बारीक पुस्तक म्हणजे रुकैया सखावत हुसैन यांचं ‘सुलतानाज ड्रीम’. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली ही कथा आहे. अर्ध्या तासात संपते. तिच्यात एक देश आहे, तिथं पुरुष घरात पडद्यात बसतात आणि बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. वाचून हसू येतं. पण लिहिणारी बाई कोण? जिला घरात इंग्रजी आणि बांगला शिकायला बंदी होती, जिला भावानं रात्री सगळे झोपल्यावर चोरून शिकवलं, ती. पुढे १९११ मध्ये तिनं कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. आणि मी ती कथा वाचली कशासाठी? यादीत एक खूण वाढावी म्हणून.

दुसरं पुस्तक बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लॅम्प’. १२ कन्नड कथा, दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद, २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर. हे पुस्तक तुम्ही वाचाच. अनुवादात कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच ठेवलेत, खाली तळटीप नाही. आपल्या घरात जशा दोन-तीन भाषा एकाच वाक्यात येतात, तसंच. पण मी रोज रात्री तीन कथा या वेगानं ते चार दिवसांत संपवलं. पाचव्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, “कशाबद्दल आहे?” मी म्हटलं, “बायकांबद्दल.” यापुढे मला काही सांगताच येईना. शरमेनं शीर्षककथा पुन्हा काढली. मेहरुन नवऱ्याकडून दुखावून माहेरी येते आणि तिचे भाऊच तिला परत नेऊन सोडतात. पहिल्या वाचनात या प्रसंगावरून मी सरळ पुढे गेले होते.

तिसरं पुस्तक मेहरुन्निसा दलवाई यांचं आत्मकथन, ‘मी भरून पावले आहे’. तेव्हा अम्मी सोलापूरहून आमच्याकडे राहायला आली होती. अम्मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलीय. मराठी समजतं, वाचता येत नाही. माझं उलटं आहे. मी मराठी शाळेतली, नंतर इंजिनिअरिंग इंग्रजीत. उर्दूचं अलीफ-बे येतं, त्यापुढे अडखळते. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी हेच असेल. आई आणि मुलगी एकाच ओट्यावर, पण एकीचं पुस्तक दुसरीला वाचता येत नाही.

तिनं मुखपृष्ठावरचा फोटो पाहून विचारलं, “ये बाई कौन?” मी सांगितलं, हमीद दलवाईंची पत्नी. मग रोज जेवणानंतर वाचून दाखवायला लागले. दिवसाला सात-आठ पानं, कारण अम्मी मध्येच थांबवायची. काही ठिकाणी चिडायची, काही ठिकाणी “बराबर बोली” म्हणायची. महिन्याचे उरलेले दिवस यातच गेले. दलवाईंची ‘इंधन’ कादंबरी सुरू केली होती, ती अर्ध्यावर राहिली. तेच हे अर्धं पुस्तक.

मेहरुन्निसा आणि हमीद यांनी १९५६ मध्ये आधी निकाह केला आणि मग स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्नाची नोंदणीही केली. त्यावर बोलताना मी अम्मीला सहज विचारलं, “तू तुझा निकाहनामा वाचला होतास का?”

ती म्हणाली, “मैं कां पढ़ी? सई करो बोले, करी.” मेहरचं? “पहली रात कू माफ करो बोले, करी.”

मला राग आला. मी भाषण द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात तिनं विचारलं, “और तू?”

मी अकरा वर्षांपूर्वी सही केली. तेव्हा माझ्या हातात इंजिनिअरिंगची पदवी होती, नोकरीचा करार मी कलम-कलम वाचला होता. निकाहनामा उर्दूत होता. मी नावासमोर सही केली आणि फोटोसाठी वर बघितलं.

नवऱ्यानं फाईल शोधून आणली. अम्मीनं चष्मा लावला आणि मला वाचून दाखवलं. वीस दिवस मी तिला मराठी वाचून दाखवत होते, त्या रात्री तिनं मला उर्दू वाचून दाखवलं. मेहर अकरा हजार, उधार. अटींच्या रकान्यात आडवी रेघ. तिथं काही लिहिता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

नवरा आधी हसला, मग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पैसे माझ्या खात्यात आले. आज अकरा हजार म्हणजे फार नाहीत. पण अम्मीनं तीनदा विचारलं, “सच्ची आए?” मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

मित्रमैत्रिणींनो, आकडा वाईट नाही. आकड्यामुळेच मी पुस्तक उघडते, नाहीतर रात्रभर फोनच बघत बसेन. पण आपल्या चॅलेंजमध्ये सप्टेंबरपासून दोन गोष्टी वाढवू या. एक, महिन्यातलं एक पुस्तक घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. ते कितीही दिवस चाललं तरी चालेल. दोन, घरातला एक कागद वाचायचा. निकाहनामा, जमिनीचा सातबारा, आजोबांचं पत्र, काहीही. लिपी येत नसेल तर ज्याला येते त्याच्याजवळ बसायचं. लग्न ठरत असेल तर हा कागद सहीच्या आधी वाचायचा, मुलींनीही आणि मुलांनीही.

माझं सप्टेंबरचं पहिलं पुस्तक ‘इंधन’चं उरलेलं अर्धं. अम्मी सोलापूरला परत गेलीय, तेव्हा ते फोनवर वाचणार आहे. आणि तिच्याकडून रोज एक पान उर्दू शिकतेय. आज सहावं पान.