हाड आणि धातू यांचे नाते
(वार्षिक सभेत दंतविभागातर्फे करण्यात आलेले भाषण)



दात सरळ करण्यासाठी जबड्यात बारीक स्क्रू बसवावा लागेल असे सांगितले, की पालक विचारतात, "हाड हा धातू सहन करील काय?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

पुढे आलेले दात मागे ओढताना आधाराच्या दाढाच पुढे सरकू लागतात. म्हणून हाडातच पक्का आधार घेतला जातो. सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा हा स्क्रू बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी सशांवरील अभ्यासात पाहिले आणि १९६५ साली रुग्णाच्या जबड्यात कृत्रिम दातांसाठी त्याचा उपयोग केला. दात सरकविण्यासाठी लहान स्क्रूचा वापर जपानचे डॉ. कानोमी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला.

टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो. त्यामुळे ते सहसा गंजत नाही. स्क्रू शिरताना हाडास सूक्ष्म इजा होते. आरंभी तो केवळ आट्यांच्या पकडीवर टिकतो. पुढील काही आठवड्यांत पेशी इजा झालेले हाड शोषून घेतात व तेथे नवे हाड रचतात. जुनी पकड सुटत असते आणि नवी पुरती बसलेली नसते, तोच काळ नाजूक होय. उपचार संपल्यावर स्क्रू काढावयाचा असल्याने त्याचा पृष्ठभाग मुद्दाम गुळगुळीत ठेवतात.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात १०० पैकी सुमारे १३ ते १४ स्क्रू निकामी ठरल्याचे आढळले. अस्वच्छतेने हिरडी सुजली, की हा धोका वाढतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात खर्ऱ्याची भर पडते. त्यातील तंबाखूच्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखम भरण्यास विलंब लागतो. सुपारीमुळे कालांतराने तोंड उघडणेही कठीण होते. भामरागड वा सिरोंचाहून येणाऱ्या कुटुंबास सैल झालेल्या एका स्क्रूसाठी पुन्हा फेरी म्हणजे बुडालेली मजुरी.

तात्पर्य, निरोगी हाड धातू सहन करते. मात्र त्यास स्वच्छता, वेळ आणि खर्ऱ्यापासून सुटका हवी. हे तिन्ही रुग्णाच्या घरातच मिळू शकते. आपण सर्वांनी हा निरोप गावोगावी पोहोचवावा, ही नम्र विनंती.