पुडी नवी, निकोटीन तेच
(लोणावळा येथील शिबिरात कोरडवाहू शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाच्या आणि कर्जाच्या बैठकीत तंबाखूचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आपण पिकाचा खर्च मांडतो तेव्हा बियाणे, खत, फवारणी, मजुरी सगळे लिहितो. बंडीच्या खिशातली पुडी मात्र कधी लिहीत नाही. आज ती लिहायची आहे. तिच्या मागोमाग एक नवी पुडी येते आहे, तिचीही ओळख करून घ्यायची आहे.

ही नवी पुडी म्हणजे नखाएवढी पांढरी पिशवी. ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची. धूर नाही, थुंकणे नाही, वास पुदिन्याचा. आत तंबाखूचे पान नसते. तंबाखूतून काढलेले किंवा कारखान्यात बनवलेले निकोटीन असते. स्वीडन-अमेरिकेत तिचा मोठा बाजार आहे. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध, हमरस्त्यावर आपण बसलो आहोत. शहरातली चैन या रस्त्याने मावळात उतरते आणि पुढे विदर्भ-मराठवाड्याच्या एसटी स्टँडवर पोहोचते. म्हणून आधीच बोललेले बरे.

निकोटीन कापूसवाल्याला परके नाही. माव्यावर तंबाखूचा काढा साबण घालून फवारणारे आपल्यात आहेत. निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून विकले जाई. १९९२ साली देशात त्याच्या वापरावर बंदी आली. तुडतुड्यांसाठी आपण इमिडाक्लोप्रिड वापरतो, त्या गटाचे नावच निकोटीनवरून पडले आहे. किडीच्या मज्जातंतूंत निकोटीन ज्या जागी बसते, त्याच जागी हे औषध बसते. माणसाच्या शरीरात थोडे निकोटीन गेले की तरतरी येते, छातीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो आणि मेंदूला त्याची चटक लागते. ते मिळाले नाही की चिडचिड होते, डोके दुखते, कामात लक्ष लागत नाही. आपण म्हणतो, तंबाखूने थकवा जातो. त्यातला बराचसा थकवा तंबाखूनेच आणलेला असतो.

तंबाखूला चुना का लागतो? चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटीन सुटे होते आणि तोंडाच्या कातडीतून झटकन रक्तात जाते. काढ्यात साबण घालण्याचे कारणही तेच. नव्या पिशवीत चुना नसतो, पण सोड्यासारखा क्षार असतो. आजोबा तळहातावर जे मळत होते, ते आता कारखान्यात मळून येते.

आता नुकसानीचा हिशेब. तो याच पुणे जिल्ह्यात फार पूर्वी झाला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी येथील खेड्यांतल्या १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. निष्कर्ष १९७२ साली छापून आले. तेव्हा सुमारे ३९ टक्के बाया मिश्री लावत होत्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. भाजताना कर्करोग करणारी द्रव्ये आणखी वाढतात. पुढे मुंबईत १,२१७ गरोदर बायांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू, मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या बायांची बाळे जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली २४.४ टक्के प्रौढ माणसे धूर न करणारी तंबाखू खात होती. विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. आपला रोग फुफ्फुसाआधी तोंडात आहे.

मग पांढरी पिशवी बरी नाही का? सरळ उत्तर देतो. पान नसल्यामुळे तिच्यात कर्करोग करणारी द्रव्ये तंबाखू आणि गुटख्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत. अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने जानेवारी २०२५ मध्ये एका कंपनीच्या अशा २० पिशव्यांना विक्रीची परवानगी दिली, ती याच आधारावर. पण त्या सुरक्षित आहेत असे म्हटले नाही. तोंडाचा कर्करोग व्हायला कित्येक वर्षे लागतात, एवढा काळ ही वस्तू अजून कोणी वापरलेली नाही. हिरडीची जळजळ, हृदयावरचा ताण, गर्भावरचा परिणाम हे धोके आहेतच. चुकून लहान मुलाने गिळली तर विषबाधा होते. चाळीस वर्षे तंबाखू खाणारा तिच्यामुळे तंबाखू सोडत असेल, तर तो त्याचा प्रश्न. पण पुदिन्याचा वास आणि रंगीत डबी त्या म्हाताऱ्यासाठी नाही. ती कॉलेजात जाणाऱ्या, आजवर तंबाखूला न शिवलेल्या पोरासाठी आहे. नवे गिऱ्हाईक पंधराव्या वर्षी सापडले, तर ते पन्नास वर्षे टिकते.

सरकार बंदी घालील, म्हणून आपण मोकळे, असे समजू नका. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. पुडी मिळायची थांबली का? ती चढ्या भावाने, लपूनछपून मिळते. तंबाखू पिकवणाऱ्याशीही आपले वैर नाही. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी उभे राहिलेले शेतकरी गोळीबारात पडले, हे आपण विसरलेलो नाही. पानाला भाव मागताना रक्त सांडावे लागते आणि त्याच पानातला अर्क विकून दुसराच श्रीमंत होतो.

रोजचे तीस रुपये धरा. वर्षाचे १०,९५० होतात. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,६९९ रुपये आहे. ती पदरात पडली असे धरले, तरी सुमारे तीन क्विंटल ज्वारी दरसाल तोंडात विरघळते. आणि घरातले एक माणूस परळच्या टाटा हॉस्पिटलच्या दारात उभे राहिले, की औषध फुकट मिळाले तरी येण्या-जाण्यात, राहण्यात आणि बुडालेल्या मजुरीत बैलजोडी जाते.

म्हणून गावी गेल्यावर चार गोष्टी करायच्या. वेचणीला-खुरपणीला मजुरीसोबत तंबाखू द्यायची नाही. तेवढे पैसे रोख द्यायचे. पोराला पुडी आणायला दुकानात पाठवायचे नाही. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे दुकानदाराला ऐकवायचे. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर हंगाम संपायची वाट न पाहता डॉक्टरला दाखवायचे. ज्याला सोडायचे आहे त्याची चेष्टा करायची नाही. १८००-११-२३५६ या सरकारी फोनवर फुकट सल्ला मिळतो, तो त्याला द्यायचा.

बोंडअळी शेतात शिरल्यावर फवारणी महाग पडते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ही अळी अजून बांधावर आहे.