मुळशीची खोळ आणि सायकलीची नळी

जुलै महिन्यात पौडाहून ताम्हिणीच्या वाटेने कोणी निघाला, तर त्याच्या छत्रीची परीक्षा पहिल्याच वळणावर होते. ह्या खोऱ्यातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि शहरातून मिरवीत आणलेली छत्री क्षणार्धात उलटते. शेजारच्या खाचरात मात्र भाताची लावणी खंड न पडता चालू असते. तेथल्या बायांना छत्री उपयोगाचीच नाही. दोन्ही हात चिखलात असता ती धरावी कोणी? पूर्वी त्यांच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांवर पाने बसविलेले इरले असे. पुढे खताची प्लास्टिकची पोती आली. रिकाम्या पोत्याच्या तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आतून खुपसला की टोकदार टोपी तयार होते आणि उरलेले पोते पाठीवरून खाली लोंबते. त्यास ना शिवण लागते, ना पैसा. कारखानदाराने पोते खतासाठी केले. त्याची खोळ झाली ती वापरणाराच्या बुद्धीने.

हीच बुद्धी पुण्यातल्या एका इंजिनिअराने शाळेच्या वर्गात नेली. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर. पुण्यास टेल्कोच्या मालमोटारींच्या कारखान्यात ते नोकरीस होते. १९७८ साली रजा काढून ते मध्यप्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तेथे १९७२ पासून खेड्यातल्या १६ शाळांतून, मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, असा उपक्रम सुरू झाला होता. उपकरणे विकत आणावीत तर ती महाग, आणि आणली तरी फुटतील ह्या भयाने कुलपात पडायची! (हे दुखणे केवळ होशंगाबादचे नव्हे, हे कोणत्याही पालकास ठाऊक आहे.) तेव्हा गुप्तांची दृष्टी सायकलीच्या व्हॉल्व्हमधल्या बारीक रबरी नळीकडे गेली.

ह्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापावा, आगकाडीचा गुल खरवडून टाकावा आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी बसवावी. झाला सांधा! तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलतो. छपराच्या कैच्या आणि लोखंडी पूल त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे मुलास सांगावे लागत नाही, ते त्याच्या बोटांना समजते. नळीस मध्ये बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी टोकदार करून खुपसली, की तीन काड्यांचा सांधा होतो. असे चार सांधे आणि सहा काड्या घेतल्या म्हणजे त्रिकोणी सुळका उभा राहतो. १९८७ साली ह्या युक्त्यांचे पुस्तक निघाले. २००३ ते २०१४ ह्या काळात गुप्ता पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात होते. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

त्यांच्या केंद्राने लोकप्रिय केलेली विजेची मोटर तर घरात पडलेल्या वस्तूंतूनच होते. बॅटरीच्या सेलाच्या दोन्ही टोकांस दोन सेफ्टी पिना. त्या आवळण्यास सायकलीच्या फाटक्या ट्यूबचे कडे. सेलावर मोडक्या कर्ण्यातले लोहचुंबक. आणि पिनांच्या डोळ्यांत तांब्याच्या लाखी तारेचे दहाएक वेढे. मख्खी अशी, की तारेचे एक टोक सर्व बाजूंनी खरवडावे, दुसरे फक्त अर्धे. दोन्ही पुरती खरवडली तर वेढा अर्धा फिरून मागे ओढला जातो; अर्धे टोक झाकलेले असले म्हणजे त्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद पडते आणि वेढा आपल्याच वेगाने पुढे जातो.

अर्थात सर्वच ठिकाणी जुगाड चालत नाही. कुकरच्या सुरक्षा-झडपेतील धातू ठरलेल्या उष्णतेस वितळावा म्हणूनच घातलेला असतो. तेथे गृहिणीने खिळा किंवा चिंधी ठोकली तर तो स्वयंपाकघरातला सुरुंगच होय. अस्सल झडप दुकानात मिळते; ती आणावी.

खरी अडचण दुसरीकडे आहे. जुनी वस्तू स्क्रूने जोडलेली असे, म्हणून ती उघडता येई. आताचे पुष्कळ मोबाइल डिंकाने चिकटविलेले असतात, आणि त्यांतली बॅटरी काढणे हेच एक दिव्य होऊन बसते. दुरुस्तीचा हक्क मागण्याची वेळ त्यामुळेच आली. २०२२ साली भारत सरकारच्या ग्राहक खात्याने ह्या प्रश्नावर समिती नेमली. २०२४ साली युरोपीय संघाने तसा निर्देशच काढला. पौडच्या पंक्चरवाल्यास मात्र ट्यूब उघडण्यासाठी कोणाची अनुज्ञा घ्यावी लागत नाही. त्याच्या दुकानाच्या दारात फाटक्या ट्यूबांचा जो ढीग असतो, त्यातली एखादी मागितली तर तो बहुधा हसून देऊन टाकतो.