दुबईत दुकान थाटण्यापूर्वी

दुबईत छोटे दुकान काढणाऱ्या परदेशी माणसाला 2021 पूर्वी मुक्त क्षेत्राबाहेर 51 टक्के मालकी स्थानिक नागरिकाच्या नावे ठेवावी लागे. बहुतेक व्यवसायांसाठी ती अट आता उठली आहे. खरी मेख भाड्यात आहे. वर्षाच्या भाड्यापोटी अनेकदा पुढच्या तारखांचे मोजके धनादेश आधीच लिहून द्यावे लागतात. जुलै-ऑगस्टात शाळांना सुट्टी लागून भारतीय कुटुंबे मायदेशी जातात, गल्ला रोडावतो. धनादेश मात्र ठरल्या तारखेला वटलाच पाहिजे. मुक्त क्षेत्राचा परवाना आकर्षक वाटतो, पण केवळ त्यावर शहरातल्या गल्लीत किरकोळ विक्री करता येत नाही. 2018 पासून 5 टक्के मूल्यवर्धित कर आहे, तर 2023 पासून 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के कंपनी कर. दिरहम डॉलरला बांधलेला असल्याने रुपया घसरला की भारतातून नेलेले भांडवल तोकडे पडते. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. मालकाचा व्हिसाही बहुधा परवान्याशी जोडलेला असतो. दुकान बंद पडले, की तिथे राहण्याचाच प्रश्न उभा राहतो.