एकाच वाक्यात धर्म आणि भाषा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



महाराष्ट्राबाहेर एखादी मराठी शाळा साठ वर्षे चालते, तेव्हा तिच्यामागे देणगीदारांचे औदार्य, शिक्षकांचा त्याग आणि पालकांची चिकाटी असते. अशा समारंभांत हे आवर्जून सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु या सर्वांच्या तळाशी आणखी एक आधार आहे, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार धर्म किंवा भाषा यांवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्याक वर्गांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. धार्मिक अल्पसंख्याक आणि भाषिक अल्पसंख्याक तेथे एकाच वाक्यात शेजारी शेजारी उभे आहेत. परप्रांतातील मराठी शाळेला ज्या छत्राखाली सावली मिळते, त्याच छत्राखाली मदरसा, मिशनची शाळा आणि खालसा विद्यालयही उभे आहे. धर्म, राजकारण आणि सार्वजनिक शिक्षण यांच्या संबंधाचा विचार मराठी शाळेच्या व्यासपीठावरून करायचा, तर या शेजारापासूनच आरंभ केला पाहिजे.

अल्पसंख्याक असणे हा कोणाच्या कपाळावरचा कायमचा शिक्का नव्हे. २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने असे ठरवले की, या हक्कापुरते अल्पसंख्याकत्व राज्य हा घटक धरून मोजावे. म्हणून मराठी भाषक महाराष्ट्रात बहुसंख्य ठरतो आणि राज्याची सीमा ओलांडताच अल्पसंख्य होतो. धर्माच्या बाबतीतही असेच घडते. १९७१ साली पंजाबातील डी.ए.व्ही. महाविद्यालयांनी, म्हणजे आर्यसमाजी संस्थांनी, याच अनुच्छेदाचा आश्रय घेतला. देशात बहुसंख्य असलेला हिंदू समाज त्या राज्यात अल्पसंख्य होता. पंजाबी हेच शिक्षणाचे एकमेव माध्यम असावे, ही विद्यापीठाची सक्ती न्यायालयाने त्या संस्थांपुरती अमान्य केली. तात्पर्य असे की, सर्वत्र आणि सर्वकाळ बहुसंख्य असा या देशात कोणीच नाही. बहुसंख्येच्या बळावर लिहिलेला नियम आज ना उद्या लिहिणाऱ्याच्याच नातवंडांना लागू होतो.

‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दावर बराच वाद झाला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो विचार उद्देशिकेत शब्दरूपाने आला. मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ असा शब्द आहे, तर हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’. मराठी विचारवंतांनी ‘इहवाद’ हाही पर्याय वापरला. शब्द कोणताही घेतला, तरी त्यामागील आशय उद्देशिकेतील दुरुस्तीहून जुना आहे. शासनाचा स्वतःचा कोणताही धर्म नसावा, नागरिकाला मात्र आपला धर्म पाळण्याची, बदलण्याची किंवा न पाळण्याची मोकळीक असावी, हा तो आशय. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

शिक्षणाच्या क्षेत्रात या आशयाची कसोटी लागते, कारण तेथे समोर मूल असते. या प्रश्नावर परस्परांशी तीव्र मतभेद असलेल्या दोन व्यक्ती जवळजवळ एकाच उत्तराला पोहोचल्या, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. ज्यांचे अवघे जीवन प्रार्थनेने भारलेले होते, त्यांच्या योजनेत धर्मशिक्षणाचा विषय नव्हता. याविषयी विचारणा झाली, तेव्हा त्यांनी दिलेले कारण असे होते की, आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि आचरले जातात, त्यातून ऐक्याऐवजी कलह वाढतो. सर्व धर्मांना समान असलेली तत्त्वे मुलांनी शिक्षकाच्या नित्य आचरणातून शिकावीत, असे त्यांचे मत होते. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शासकीय शाळांत धर्मशिक्षण नको, याची कारणे मांडली. सर्वांच्या कराचा पैसा एका समाजाच्या धर्मासाठी वापरणे अन्यायाचे आहे. देशात धर्म अनेक असल्याने प्रत्येकाची सोय करणे व्यवहारात अशक्य आहे. आणि प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा मानत असल्याने शाळेत वादच शिरेल. एक श्रद्धेच्या वाटेने आले, दुसरे न्यायाच्या. पण शाळेच्या दाराशी दोघेही एकाच जागी थांबले.

या विचारातून अनुच्छेद २८ सिद्ध झाला. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. संपूर्णतः शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मदाय किंवा न्यासाने तशी अट घालून स्थापन केलेली संस्था शासनाच्या प्रशासनाखाली असली, तरी तिला हा निर्बंध लागू होत नाही. शासनमान्य अथवा अनुदानित संस्थेत मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. हा तिसरा भाग प्रत्येक पालकाने एकदा तरी वाचावा असा आहे. कारण तेथे निर्णयाचा अधिकार संस्थेकडे नाही, शासनाकडे नाही, तर घराकडे आहे.

याचा अर्थ शाळेने धर्माविषयी मौन पाळावे, असा मुळीच नाही. धर्माची शिकवण देणे आणि धर्माविषयी शिकवणे यांत अंतर आहे. आंबेडकरांनी हा भेद संविधान सभेतच केला होता. कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये तो पुन्हा अधोरेखित केला. गुरू नानकांचे जीवन आणि विचार यांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे १९७१ साली, तर मूल्यशिक्षणासाठी विविध धर्मांचा परिचय करून देणे अनुच्छेद २८ च्या विरोधात नाही, असे २००२ साली अरुणा रॉय खटल्यात न्यायालयाने म्हटले. मराठीच्या अध्यापकाला हा भेद नव्याने सांगण्याची गरज नसावी. ज्ञानेश्वरी वगळून मराठी कविता शिकवता येत नाही आणि महानुभावांचे लीळाचरित्र वगळून मराठी गद्य शिकवता येत नाही. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोमंतकात छापले गेले. श्रीगोंद्याचे शेख महंमद संतपरंपरेत मानाचे स्थान मिळवून आहेत. हे सारे वर्गात शिकवताना विद्यार्थ्याला भाविक व्हावे लागत नाही आणि नास्तिकही. त्याला केवळ वाचक व्हावे लागते.

मात्र भेद कागदावर जितका स्वच्छ असतो, तितका शाळेच्या पटांगणात राहत नाही. केरळमधील एका शाळेत यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे शिकत होती. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत; श्रद्धेला मान्य नसल्याने गात मात्र नसत. वर्षानुवर्षे त्याचे कोणाला काही वाटले नव्हते. एका आमदाराने ते पाहिले, विधानसभेत प्रश्न विचारला गेला, चौकशी आयोग नेमला गेला. मुलांनी कोणताही अनादर केलेला नाही, असे त्या चौकशीत आढळले. तरीही जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये बिजो इमॅन्युअल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. न्यायालयाने त्यांची श्रद्धा बरोबर की चूक, याचा निवाडा केला नाही. ती प्रामाणिक आहे आणि तिच्यामुळे कोणाचे अहित होत नाही, एवढे पुरेसे मानले. या घटनेत शाळेतला एक निरुपद्रवी प्रसंग सभागृहात गेला आणि तेथून शिक्षा बनून शाळेत परतला, हे विशेष मननीय आहे.

तशीच वाट २०२२ मध्ये कर्नाटकातील हिजाबच्या प्रश्नाने धरली. उडुपीतील एका कनिष्ठ महाविद्यालयातील गणवेशाचा वाद पाहता पाहता राज्याचा आणि देशाचा झाला. उच्च न्यायालयाने शासनाचा आदेश उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत ऑक्टोबर २०२२ मध्ये मतभेद झाला. त्यांपैकी एकांनी शिस्त आणि समान गणवेश यांना महत्त्व दिले. दुसऱ्यांनी बिजो इमॅन्युअल निकालाचा आधार घेऊन मुलींचे शिक्षण अग्रभागी ठेवले. दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत आणि धर्मनिरपेक्ष विचार करणाऱ्यांतही येथे एकमत नाही. धार्मिक चिन्हे वर्गाबाहेर ठेवावीत, असे काहींना वाटते. चिन्हापेक्षा चिन्ह धारण करणारी मुलगी वर्गात राहणे महत्त्वाचे, असे इतरांना. पण प्रश्न रस्त्यावर आला की हा विचार ऐकण्यास कोणी थांबत नाही, आणि परीक्षेचे वर्ष मात्र मुलींचेच जाते.

निवडणुकीच्या कायद्यानेही हा धोका ओळखला आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १२३(३) धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार मानते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याचा व्यापक अर्थ लावला आणि उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्याही धर्माचे वा भाषेचे आवाहन त्यात आणले. वेगळे मत देणाऱ्या तीन न्यायाधीशांची चिंताही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती: ज्या समाजांवर धर्म, जात वा भाषेमुळे अन्याय झाला, त्यांनी ते गाऱ्हाणे निवडणुकीत मांडायचेच नाही काय? पण येथेही धर्म आणि भाषा एकाच ओळीत आहेत. धर्माच्या नावाने पेटवता येते, तसे भाषेच्या नावानेही पेटवता येते, हे राज्यपुनर्रचनेच्या काळापासून सीमाभागातील आणि परप्रांतातील मराठी माणसाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आता शाळेकडे वळावे. परप्रांतात मराठी शाळा ही केवळ शाळा नसते. ती गणेशोत्सवाचा मंडप असते, दसऱ्याचे पाटीपूजन असते, दिवाळीतील किल्ला असते. हे सारे तिने सोडावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मराठी बोलणाऱ्या घरांत बौद्ध घरे आहेत, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञाही आहे. वसईची ख्रिस्ती घरे आहेत, कोकणातील मुसलमान घरे आहेत. शिवाय आज परप्रांतातील वर्गात शेजारच्या भाषांची मुलेही बसू लागली आहेत. त्यांतील एखाद्या मुलाने आरतीला हात जोडले नाहीत, तर त्याला कारण विचारले जाते काय? प्रसाद नाकारणाऱ्या मुलीकडे वर्ग वळून पाहतो काय? पालकाची संमती खरोखर विचारली जाते, की मौन हीच संमती धरली जाते? शाळेची धर्मनिरपेक्षता फलकावरील उद्देशिकेत नव्हे, तर या लहान प्रश्नांच्या उत्तरांत दिसते.

उत्तरे अवघड नाहीत. उत्सव शाळेचा असावा, पूजा ज्याच्या त्याच्या इच्छेची असावी. प्रवेशाच्या वेळी पालकांना अनुच्छेद २८ मधील हक्क सांगणारे चार ओळींचे मराठी पत्रक द्यावे. प्रार्थनेच्या वेळी स्वस्थ उभे राहण्याची मुभा सर्वांना ठाऊक असावी, म्हणजे ती घेणारा एकटा पडणार नाही. सण साजरा करताना त्याचा इतिहास सांगावा आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. पाटीपूजनाच्या दिवशी सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख यांचेही स्मरण व्हावे. धर्माशिवाय नीती कशी शिकवणार, अशी ज्या पालकांना शंका आहे, त्यांनी वर्ध्याचे उत्तर आठवावे: शिक्षकाचे आचरण.

साठ वर्षांपूर्वी काही कुटुंबांनी परक्या गावात आपल्या मुलांसाठी आपल्या भाषेची खोली मागितली. त्या गावातील बहुसंख्यांनी, शासनाने आणि कायद्याने ती नाकारली नाही. ज्या वाक्याने ती खोली मिळाली, त्याच वाक्यात दुसऱ्या कोणाच्या श्रद्धेलाही जागा आहे. त्या वाक्याचा अर्धा भाग जपून उरलेला अर्धा पुसता येणार नाही. येणाऱ्या वर्षांत या शाळेच्या पटावर जी नावे चढतील, त्यांतील प्रत्येक मुलाला प्रार्थनेच्या रांगेत निर्भयपणे उभे राहता आले, तर हा हीरक महोत्सव सार्थकी लागला, असे म्हणता येईल.